भरल्या गाडीच्या स्प्रिंगा

शिळफाट्यावर योगेंद्र पाटलाचं गॅरेज आहे. बंद पडलेली गाडी आली की तो पाठीवर सरकत तिच्याखाली शिरतो. गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले आणि डॉक्टरांनी जमिनीवरची ऊठबस बंद करायला सांगितली. आता गाडी वर उचलणारी लिफ्ट बसवायची, नाहीतर गॅरेजला कुलूप. म्हणून त्याने आपली लाडकी गाडी विकायला काढली. मोहोपाड्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली, छप्पर मागे दुमडणारी जुनी जर्मन गाडी. पत्रा, रंग, चामड्याच्या सीटा, सगळं त्याने घरचं काम म्हणून केलं. मागच्या स्प्रिंगा तर मुद्दाम बनवून घेतल्या.

ठाण्याहून परुळेकर नावाचे गृहस्थ आले. सीटवर हात फिरवून खूश झाले आणि एकटेच फेरी मारायला गेले. गतिरोधकावर गाडी मागून अशी उसळली, की त्यांचा चष्मा मांडीवर पडला.

परत आल्यावर त्यांनी किल्ली पुढे केली. "अहो, ही गाडी की बैलगाडी?"

योगेंद्रचा चेहरा उतरला. त्याची बायको सुरेखा मात्र हसायला लागली. "रिकामी दिलीत व्हय? रिकामी कधी चालली हाय का ही?"

खरं होतं. हळद असो, जत्रा असो, गाडी निघाली की पाटलांच्या घरात कोणी मागे राहत नाही. स्प्रिंगांचं माप योगेंद्रने सगळ्यांना मागे बसवूनच जुळवलं होतं. विकत घेणारा एकटा बसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बसा रं सगळे!" तो ओरडला. सुरेखा, तिची सासू इंदूबाई, नणंद छाया आणि शेजारी म्हणून उभा असलेला मी, असे मागे कोंबले गेलो. योगेंद्र पुढे बसला आणि परुळेकरांनी पुन्हा गाडी काढली. तोच गतिरोधक आला आणि गेला, कळलंसुद्धा नाही.

"आम्ही तिघं भाऊ," परुळेकर म्हणाले, "तीन गाड्या, आणि प्रत्येकीत एक माणूस."

खालापूरजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला. "दादा, रविवारी वहिनीला घेऊन तयार राहा. नाही, तुझी गाडी काढायची नाही." मग योगेंद्रकडे वळले. "तुम्ही सांगितलेल्या किमतीत घेतली. स्प्रिंगांना हात लावू नका."

योगेंद्रने तिथल्या तिथे लिफ्टवाल्याला फोन लावला आणि आम्हाला खूण केली, "उतरा आता, गाडी सायबांची झाली."

"झाली तर झाली," इंदूबाई पदर सावरत म्हणाल्या. "घरी सोडल्याबिगर मी नाय उतरायची."

परुळेकरांनी हसत गाडी वळवली.