त्यांनी कधी हात उचलला नाही

माझ्या नवऱ्यानं सात वर्षांत मला एकदाही मारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं भेटलेल्या प्रत्येक माणसानं पहिला प्रश्न तोच विचारला.

आम्ही भिंगारला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. ते एका कार्यालयात कारकून होते, मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. रोज संध्याकाळी ते खाली उतरून माझ्या स्कूटरच्या मीटरवरचा आकडा बघायचे. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. नऊ झाले की जेवणापर्यंत बोलायचे नाहीत आणि पहिल्या घासाला विचारायचे, "एक किलोमीटर कुठं गेली होतीस?" रस्ता खोदलाय म्हणून वळसा घातला, असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन तो रस्ता बघून यायचे. आवाज मात्र कधी चढला नाही.

मधल्या सुट्टीत व्हिडिओ कॉल यायचा. फोन फिरवून सगळी स्टाफरूम दाखवावी लागे. सोबतच्या बायका आधी हसायच्या, नशीबवान आहेस म्हणायच्या. मग त्या माझ्या शेजारी डबा खायला बसेनाशा झाल्या. संगमनेरला आईशी बोलायचं ते स्पीकर लावून, त्यांच्यासमोर. बोलायला तरी काय उरणार? पाऊस झाला का, भाजी काय केली.

खालच्या मजल्यावर एक वयस्कर मुस्लिम बाई एकट्या राहायच्या. कपडे शिवायच्या. उजेडासाठी मशीन दारात घेऊन बसायच्या, त्यामुळं जाता-येता त्यांच्यासमोरूनच जावं लागे. त्यांच्याशी बोलायचं नाही, असं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. सुरुवातीला त्या "कैसी है बेटी?" म्हणायच्या. मी मान खाली घालून जिना चढायचे. पुढं त्यांनी विचारायचं सोडलं.

एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आज सुटल्यावर अर्धा तास थांबाल का? आमचा प्रयोग बघायला." त्यांना विचारायला मी पर्समधून फोन काढला. तो बंद पडला होता. मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती आणि मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. ती बिचारी "असू द्या बाई" म्हणून गेली. मी तिथंच बाकावर बसून राहिले. त्या संध्याकाळी स्कूटर शाळेतच ठेवली आणि संगमनेरची एसटी धरली.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "दारू नाही, मारहाण नाही. लोकांना कारण काय सांगायचं?" आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आठव्या दिवशी मी नगरला परत आले आणि सावेडीत एक खोली घेतली.

पोलिसांच्या महिला कक्षात तक्रार करायला गेले, तिथल्या समुपदेशक बाईंनी चहा दिला आणि एखादा व्रण, दवाखान्याचा एखादा कागद आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर, काळजीपोटी करत असतील, दोघं समोरासमोर बसा, असा सल्ला दिला. तिथून मला घरगुती हिंसाचाराची प्रकरणं बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं पाठवलं. त्या माझ्याहून वयानं लहान, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी छापील अर्ज पुढं सरकवला. "मारहाणीचा रकाना मोकळा सोडा. खाली मानसिक त्रासाचा आहे, तिथं लिहा. कायद्यात तोही हिंसाचारच आहे. जागा पुरली नाही तर कागद जोडा." मी चार कागद जोडले. त्या बाईंना कशाचंच नवल वाटलं नव्हतं, एवढ्यानंच मला रडू आलं.

मग तारखा सुरू झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकीच्या बायकांबरोबर कुणी ना कुणी असायचं, भाऊ, मावशी, निदान एखादी शेजारीण. मी पर्स मांडीवर घेऊन पुकाऱ्याची वाट बघायचे. समोरच्या बाकावर ते इस्त्रीचा शर्ट घालून शांत बसलेले असत. त्यांच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "नवऱ्यानं बायकोची काळजी करणं हा गुन्हा आहे का?"

मी म्हणाले, "काळजी असती तर पोचलीस का, असं विचारलं असतं. हे फक्त कुठं गेली होतीस, असं विचारायचे."

न्यायाधीश बाईंनी तेवढं वाक्य टायपिस्टला पुन्हा सांगून लिहून घेतलं.

माझ्या बाजूनं साक्षीदार नव्हता. चार भिंतींतलं कुणी पाहिलेलं असणार? पण संरक्षण अधिकारी चौकशीला भिंगारला गेल्या होत्या, आणि खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंनी आपणहून कोर्टात यायची तयारी दाखवली होती. मला ते माझ्या वकिलांकडून कळलं, तेव्हा खरं वाटलं नाही. त्या दिवशी त्या काळा बुरखा घालून, काठी टेकत आल्या. रोज संध्याकाळी त्यांनी काय पाहिलं, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "सात साल ही पोरगी माझ्यासमोरून गेली, पण बोलली नाही. आधी मला राग यायचा, वाटायचं हिला घमेंड आहे. मग एकदा वर बघितलं तर हा खिडकीत उभा, ही माझ्याशी बोलते का ते बघत. त्या दिवसापासून मीच बोलणं बंद केलं. तिला त्रास नको म्हणून."

मी मान वर केली नाही. सवयच तशी लागलेली.

निकाल माझ्या बाजूनं लागला. त्यांनी मला फोन करायचा नाही, शाळेच्या आसपास यायचं नाही, कुणाकरवी निरोपही धाडायचा नाही, असा हुकूम झाला. त्यांनी वर अपील केलंय, ते चालू आहे. आदेशाची प्रत हातात आली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. कुणाला सांगावं म्हणून फोन उघडला. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." स्पीकर नव्हता, कुणी ऐकत नव्हतं, तरी आम्हाला बोलता येईना.

नवऱ्यानं भिंगारचं घर सोडल्याचं कळलं, तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंकडं गेले. त्यांनी मशीन बाजूला सारून बसायला जागा केली. त्या कुठल्याशा ब्लाउजची बाही उसवत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून दे. मला आता दिसत नाही."

मी ओवून दिला. त्यांनी दुसरी सुई पुढं केली.