नळीचा पीळ

हरिचंद्र भोईरांनी कारखान्यात तीस वर्षं बंदुकीच्या नळ्या मोजल्या, पण हातात धरून एकदाही बार काढला नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचे, "मी मापाचा माणूस. नेमाचं काम साहेब लोकांचं."

घर अंबरनाथ पश्चिमेला, गाव बदलापूरच्या पलीकडे. रिटायर झाल्यावर चार महिने त्यांनी गावच्या भाताला पाणी दाखवून बघितलं, पण भावाला त्यांची मदत झेपेना. बांधाचीसुद्धा टेप लावून लांबी मोजणारा माणूस शेतात काय कामाचा! तेवढ्यात त्यांचे जुने साहेब शरदचंद्र कर्णिक यांनी रायफल क्लब काढला आणि बंदुकांची देखभाल हरिचंद्रांच्या गळ्यात घातली. दोघंही खूश झाले. साहेबांना हुकूम सोडायला माणूस मिळाला आणि हरिचंद्रांना तेलाचा वास.

गेल्या वर्षी क्लबने तीनशे मीटरच्या नेमबाजीसाठी एक जुनी रायफल घेतली. साहेबांच्या डोक्यात जड गोळी होती, कारण हलकी गोळी एवढ्या लांब जाताना वाऱ्याने भरकटते. पण जड गोळी म्हणजे लांब गोळी, आणि लांब गोळी सरळ जायची तर तिला फिरकी जास्त लागते. ती फिरकी देतो नळीच्या आतला पीळ. किती इंचांत एक वेढा, यावर सगळा खेळ. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी साहेबांनी विचारलं. हरिचंद्रांनी सळईला चिंधी गुंडाळली, वरच्या बाजूला खडूची खूण केली, सळई पिळाबरोबर फिरू देत नळीत ढकलली आणि सांगितलं, "सात."

सात इंचांत एक वेढा म्हणजे घट्ट पीळ. सत्त्याहत्तर ग्रेन वजनाच्या जड गोळ्या मागवल्या. परवाने, कागद, शिक्के करत यायला आठ महिने लागले.

त्या आल्या आणि राजसीचे दिवस फिरले. राजसी विठ्ठलवाडीची, ठाण्याला ऑफिसात कामाला, क्लबमधली सगळ्यात शांत हाताची मुलगी. रविवारी राज्याची निवड चाचणी, क्लबतर्फे एकच नाव जाणार, आणि ते तिचंच जाणार यात कुणाला शंका नव्हती. पण शंभर मीटरवरही दहांतल्या सहा नव्या गोळ्या कागदालाच लागेनात. साहेबांनी आधी तिचा श्वास सुधारला, मग बोट, मग खांदा. शेवटी सगळ्यांसमोर विचारलं, घरी स्थळं बघायला लागलेत का, लक्ष कुठंय? जाताना राजसीने हातमोजे बॅगेत कोंबले ते हरिचंद्रांनी बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी नाव कळवायचं होतं आणि साहेब क्लबमधल्या अनीशचं नाव घ्यायला लागले होते.

गुरुवारी सगळे गेल्यावर हरिचंद्र कागद उतरवायला गेले. एरवी ते कागद गुंडाळून ठेवून देत. गुण मोजणं त्यांचं काम नव्हतं. त्या दिवशी एक कागद उलगडून उन्हात धरला. भोकं गोल नव्हती. लांबट होती, बोटाच्या पेरासारखी. गोळी कागदातून आडवी गेली होती, म्हणजे तिला फिरकी कमी पडत होती. कागद ओला होता म्हणून फाटला, असं साहेब म्हणत आले होते. हरिचंद्रांनी कागद चाचपला. पापडासारखा कोरडा होता.

त्यांनी सळई काढली, चिंधी गुंडाळली, खूण केली. ढकलत गेले. खूण फिरत फिरत खाली गेली. सात इंच. हात सवयीने तिथंच थांबला.

आणि मग त्यांना आठवलं. त्यांच्या सेक्शनला पद्धतच तशी होती. वरची खूण पूर्ण खाली गेली की आकडा ओरडायचा. तो अर्धा वेढा. दुप्पट करून लिहायचं काम तपासणीच्या टेबलावरच्या माणसाचं. तीस वर्षं हरिचंद्रांनी अर्धाच आकडा सांगितला होता आणि तीस वर्षं कुणीतरी तो पुरा करून घेतला होता. क्लबमध्ये ते टेबल नव्हतं.

त्यांनी सळई पुढे ढकलली. खूण वर आली तेव्हा चौदा इंच झाले होते.

घरी जेवण उतरेना. बायकोने, सखूबाईंनी, दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सखूबाईंना पीळ कळला नाही, बाकीचं कळलं.

"म्हंजे चूक तुमची आन् बोलणी खातेय ती पोर?"

"साहेबांना कसं सांगू? आठ महिने थांबले ते त्या गोळ्यांसाठी."

"गोळ्या नाय बोलू शकत. तुमी बोलू शकताव. जेवा आता."

शुक्रवारी डोंगराच्या पायथ्याच्या रेंजवर साहेब फॉर्म घेऊनच बसले होते. अनीश, राजसी, आणखी चारजण. हरिचंद्र चपला काढून उभे राहिले. ऑफिसात साहेबांसमोर राहायचे तसे.

"साहेब, पोरीचा हात नाय हालत. माझं माप चुकलंय."

त्यांनी सळई लावून दाखवली. सात इंच, आणि मग चौदा. साहेबांनी सळई स्वतः एकदा ढकलून बघितली.

"तुम्ही मला सात सांगितलंत, हरिचंद्र."

"सांगितला. अर्धा सांगितला. पुरा करणारा माणूस इथं नव्हता, ते माझ्या ध्यानात नाय आलं."

जुन्या मालकाने बंदुकीबरोबर पंचावन्न ग्रेनच्या हलक्या गोळ्यांची दोन खोकी दिली होती. राजसीने त्यातल्या पाच झाडल्या. पाचही भोकं गोल, आणि सगळी मिळून चहाच्या बशीखाली झाकतील एवढी. साहेबांनी कागद हातात घेतला, घसा खाकरला आणि राजसीला म्हणाले की परवा मी जे बोललो ते बोलायला नको होतं. एवढंच. मग फॉर्मवर तिचं नाव लिहिलं.

रविवारी वारा होता. हलक्या गोळ्यांना त्याने ढकलायचं तेवढं ढकललं आणि राजसीने उरलेलं सांभाळलं. किमान गुणांच्या वर ती तीन गुणांनी राहिली. संघात शेवटची, पण संघात.

परतीच्या गाडीत साहेबांनी नवी नळी बसवायचा विषय काढला. त्या जड गोळ्यांना आठ इंचांचा पीळ बघावा म्हणत होते. मापाला कोण, तर अर्थात हरिचंद्र.

"मी मोजीन," हरिचंद्र म्हणाले, "पण आधी राजसीने मोजायचं. माझा आकडा तिला सांगायचा नाय, तिचा मला नाय. दोन्ही जुळले तरच गोळ्या मागवा."

मागच्या सीटवरून राजसीने विचारलं, "काका, मला शिकवणार कोण?"

"मीच," हरिचंद्र म्हणाले. "पुरा वेढा."