तसबिरींखालचे बूट

आमच्या मंडळाचा गणपती अमेरिकेतल्या कॅरी गावाबाहेरच्या स्वयंसेवी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बसतो. भाडं कमी, पार्किंग भरपूर, आणि कापूर पेटवला तर कुणी घाबरत नाही. त्याची परतफेड म्हणून मी त्यांच्या वेबसाइटसाठी फोटो काढून द्यायचं कबूल केलं आणि शनिवारी सकाळी नवऱ्याला ट्रायपॉड धरायला घेऊन पोचले. आधी बाहेरची स्मारकशिळा आणि घंटा, मग बंब, शेवटी दिवंगत सभासदांच्या फोटोंची भिंत, असा क्रम मी ठरवला होता.

भिंतीपाशी सत्तरी ओलांडलेले एक स्वयंसेवक थांबले होते. डॉक्टरांनी त्यांना बंबावर जायला बंदी केली होती. त्याच संध्याकाळी कोट-बूट जमा करायचे होते.

"त्याआधी पूर्ण पोशाखात एक फोटो काढ. याच्या शेजारी," त्यांनी एका मिशाळ फोटोकडे बोट दाखवलं. "बंबावर कायम माझ्या शेजारी बसायचा. मेल्यावर समोर बघायला लागला, नाहीतर सगळं लक्ष माझ्या डोनटवर."

ते कोट चढवायला गेले. फोटोंच्या थेट खाली बुटांची रांग होती, प्रत्येक जोडावर एक जाड पँट गोळा होऊन बसलेली. गेलेल्या माणसांच्या तसबिरींखाली पादत्राणं! मी सगळी उचलून मागच्या खोलीत नेली, साइझप्रमाणे लावली, पँटी काढून घड्या घातल्या.

"अगं, विचार तरी कुणाला," नवरा म्हणाला.

"तुझ्या बाबांच्या फोटोखाली चपला ठेवशील का?"

"तिथे तुझी ट्रेडमिल आहे."

तेवढ्यात सायरन वाजला. आपापल्या गाड्यांतून माणसं आली, भिंतीकडे धावली आणि तिथेच थबकली. बुटांवर पँट तशीच उतरवून ठेवायची, म्हणजे पाय घातला आणि वर ओढली की माणूस तयार, ही त्यांची पद्धत.

"मागे आहेत! साइझप्रमाणे!" मी ओरडले.

"ही कुणाची अक्कल?" म्हातारबुवा गरजले. नवऱ्याने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

हाताला येईल ते घालून मंडळी गेली. सुदैवाने कुणाच्या तरी अंगणातला नुसता बार्बेक्यूचा ग्रिल पेटला होता, आणि बंब पोचण्याआधीच मालकाने पाण्याचा पाइप मारून विझवला होता, असं रेडिओवर कळलं.

म्हातारबुवा कोट आणि हेल्मेट घालून मोज्यांवर उभे होते. त्यांचे बूट धावत आलेल्यांतला एक प्लंबर घालून गेला होता.

"येतीलच परत. थांबू या," मी ओशाळून म्हटलं.

"माझे बूट गेले कॉलवर," ते म्हणाले, "आणि मी इथे."

त्यांनी बंबाच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं. मग मित्राच्या फोटोशेजारी जाऊन ताठ उभे राहिले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मी सभ्यपणे कमरेपर्यंतच फ्रेम घेतली.

"पायांसकट घे," ते म्हणाले. "बंब गेला आणि मी का नाही गेलो, ते याला दिसू दे."