सारा कुठे बसणार

आमच्या हासेनबाखच्या चर्चमध्ये सहाशे माणसं मावतात आणि आम्ही नऊजण आहोत. तरी एकमेकांजवळ बसत नाही. ज्याची जागा त्याची. पुरुष उजवीकडे. लग्न झालेल्या बायका डावीकडे, नवऱ्याच्या वयाच्या क्रमाने. विधवा मागे, सज्जाखाली. नव्वद साली रोमानियाच्या सीमा खुल्या झाल्यावर ट्रान्सिल्व्हेनियातले आमचे जर्मन वंशाचे सॅक्सन लोक गावंच्या गावं रिकामी करून जर्मनीला गेले, पण त्यांच्या जागांवर सरकून बसायचं आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नाही. आठ गावांच्या लुथरन मंडळ्यांना मिळून एक पाळक आहेत, अगदी कोवळे. पहिल्याच रविवारी म्हणाले, "सगळे पुढे या ना, मला फार ओरडावं लागतं." आम्ही मान डोलावली आणि जागच्या जागी राहिलो. तेव्हापासून ते ओरडतात.

सारा गुनेश डावीकडे चौथ्या बाकावर बसायची, अख्ख्या बाकावर एकटी. आठवडाभर चर्च तिच्याच अंगावर. दुपारची आणि संध्याकाळची घंटा ती वाजवणार, घड्याळाला किल्ली ती देणार, शनिवारी वटवाघळांची घाण तीच झाडणार. बोलणं मात्र मोजून-मापून. तिचा नवरा मिश नव्वदच्या मार्चमध्ये जर्मनीला गेला. "द्राक्षं उतरायच्या आत तुला न्यायला येतो," म्हणाला. साराची आई अंथरुणाला खिळलेली, ती लगेच निघणार कशी? आई पुढे सात वर्षं जगली. मिशची पत्रं दोन वर्षं आली, मग नुसती नाताळची कार्डं, मग काहीच नाही. एका उन्हाळ्यात तिकडून सुट्टीला आलेल्यांनी सांगितलं की मिश कुणा इर्मगार्डबरोबर राहतो. घटस्फोट वगैरे काही नाही, नुसता राहतो.

मंडळीचा कारभार पाहणारे गेओर्ग थाइल साराला एकदा म्हणाले, "अगं, तिथे वारा लागतो. मागे हर्मीनेपाशी बस की." हर्मीने म्हणजे मी.

"नवरा जिवंत आहे माझा," सारा म्हणाली. विषय संपला.

सोळा वर्षं अशी गेली आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सारा माझ्या दारात उभी राहिली. हातात पत्र.

"हर्मीने, हे वाच आणि मी कोण ते मला सांग."

पत्र इर्मगार्डचं होतं. अक्षर मोत्यासारखं. मिश हृदयविकाराने गेला, दफन होऊन तीन आठवडे झाले. आपल्या गावची घंटा आपल्यासाठी वाजावी अशी त्याची शेवटची इच्छा होती, तेवढी कृपा करावी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठी आली कृपा मागणारी! आधी नवरा नेला, आता घंटा हवी!"

"ते राहू दे," सारा म्हणाली. "विधवा ती की मी?"

"कागदावर तू."

"आणि बाकावर?"

आमच्यात रीत अशी, की बातमी आल्यानंतरच्या रविवारी बाई काळं वस्त्र डोक्याला बांधून येते आणि सरळ मागच्या बाकाच्या टोकाला बसते. बाकीच्या विधवा सरकून जागा देतात. कुणी काही बोलत नाही.

"तिथे बसले तर म्हणतील, टाकलेली बाई विधवापण मिरवते. चौथ्यावर बसले तर मेलेल्या माणसाची बायको. तीन रविवार मी त्याची बायको म्हणून बसले गं, आणि तो मातीत होता!"

आम्ही दोघी गेओर्गकडे गेलो. त्यांनी मंडळीचं जुनं नियमांचं बाड काढलं, चष्मा पुसला, तासभर पानं उलटली. "युद्धावर गेलेल्या नवऱ्याचं आहे," शेवटी म्हणाले. "जर्मनीला गेलेल्याचं नाही." मग पाळकांना फोन केला. ते म्हणाले, देवाला सगळे बाक सारखेच.

"देवाला असतील," सारा म्हणाली. "रेगीनेला नाहीत." रेगीने म्हणजे विधवांच्या बाकावरची माझी शेजारीण. तिची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

शनिवारी साराने घंटा वाजवली. पुरुषासाठी मोठी घंटा, मध्ये तीनदा थांबून. मी मनोऱ्याखाली उभी राहून मोजत होते, तिने एक थांबाही चुकवला नाही. उतरली तेव्हा तळवे लाल झाले होते.

"कुठे बसायचं ते कळलं का वर?" मी विचारलं.

"घाम आला."

रविवारी मी आणि रेगीने सरकून बसलो. बाकाचं टोक मी पुसूनही ठेवलं होतं. पहिलं गीत सुरू झालं आणि सारा आली. डोक्याला काळं वस्त्र नव्हतं, लग्न झालेल्या बायकांचं पांढरंही नव्हतं. डोकं उघडं! पिकलेले केस नुसते मागे बांधलेले. ती आमच्या बाकाजवळून पुढे गेली. चौथा बाक आला, तिथे क्षणभर थांबली. मला वाटलं, बसते. तर आणखी पुढे गेली आणि अगदी पहिल्या बाकावर जाऊन बसली. तो बाक कुमारिकांचा. गावात मुलगीच उरली नव्हती, त्यामुळे सोळा वर्षं त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. आम्ही गीताची ओळ चुकलो. गेओर्ग नुसतेच उभे राहिले, तोंड उघडं टाकून. पाळकांना मात्र वाटलं, चला, एकीने तरी आपलं ऐकलं. ते इतके खूश झाले की त्या दिवशी ओरडले नाहीत, आणि मागे आम्हाला उपदेशातला एक शब्द ऐकू आला नाही.

उपासनेनंतर पाळकवाड्याच्या स्वयंपाकघरात आमची कॉफी असते. मी साराला तिथेच गाठलं.

"लाज नाही वाटली? सदुसष्टाव्या वर्षी पोरींच्या बाकावर?"

"वाटली ना," सारा म्हणाली. "पण बाकी सगळीकडे नवऱ्याचं विचारतात. आहे का, गेला का, किती वयाचा. त्या बाकावर कुणी विचारत नाही. दुसरीकडे कुठे बसायचं ते मला खरंच कळलं नाही गं, हर्मीने." आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर ती रडली.

मी तिला झापणारच होते, पण माझाच नवरा आठवला. माझा योहान जाऊन चौदा वर्षं झाली. पिऊन आला की हातात येईल ते फेकायचा. त्याच्याबरोबरचा सुखाचा एक दिवस आठवायला मला वेळ लागतो, आणि दर रविवारी मी त्याच्या नावाने सज्जाखाली बसते. असं का, हे त्या दिवसापर्यंत मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी कप धुवायला घेतले.

"तिथे पाळकांचं नीट ऐकू येतं का?" शेवटचा कप पालथा घालताना मी विचारलं.

"येतं," सारा म्हणाली. तिने डोळे पुसले. "आणि जागाही आहे."