नद्यांचा धवला

कोकिळावैनी सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार हे ऐकून आमच्या गावानं जे दात काढले, ते मी अजून विसरलेले नाही. मी सगुणा, तिची नणंद. मला राग लवकर येतो, आणि त्या वर्षी तर तो नाकाच्या शेंड्यावरच बसून होता.

चौतीस सालची गोष्ट. पेणच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी आमचं गाव. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर पेणला जाऊन राहायचं, आणि आगऱ्याच्या पोरीला कोण पाठवतंय? वैनी माहेरी चौथी पहिल्या नंबरानं पास झाली आणि आईबरोबर मिठागरात उतरली. आमच्याकडे लग्न होऊन आली तरी मिठागर काही सुटलं नाही. खाऱ्या पाण्यानं तिच्या पायांना ह्या भेगा! तेल चोळताना म्हणायची, "सगुणा, पाय म्हातारे झाले गो माझे, मी अजून व्हायची हाय."

आमच्या शाळेचे तुळशीराम मास्तर तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघाले होते. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "शाळेत नाव नसलं तरी सातवीची फायनल देता येते. बाहेरून बसायचं." वैनीनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. फायनल झाली की मास्तरीण होता येत होतं. पण मास्तर उन्हाळा संपायच्या आत श्रीवर्धनला लेकीकडे कायमचे जाणार होते. त्यांच्यावाचून शिकवणार कोण? म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

आता अभ्यासाला वेळ कुठून आणायचा? मग मास्तरच छत्री घेऊन मिठागराच्या बांधावर बसायला लागले. ते मोठ्यानं वाचायचे आणि खाली आम्ही बायका रांगेनं चिखल तुडवायचो. मीठ धरायचं तर जमीन आधी तुडवून घट्ट करावी लागते, आणि गाण्यावाचून सगळ्यांचे पाय एकदम पडत नाहीत. वैनीची आई राही म्हणजे आमच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिला तोंडपाठ. वैनीच्या गळ्यात तीच चाल उतरलेली. तिनं अख्खा भूगोल धवल्यात घातला! गोदावरी निघाली, कृष्णा निघाली, जशा काय नवऱ्याच मांडवात निघाल्या. मग इतिहास घातला, व्याकरण घातलं. तुडवता तुडवता मलाही नद्या पाठ झाल्या, नको नको म्हणत असताना.

राहीआय भडकली. "देवाधर्माची चाल ती! तीत नद्या गाते? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव!" तिनं लेकीशी बोलणंच टाकलं.

परीक्षेला पेणला मी सोबत गेले. वैनी आत बसली, मी बाहेर खिडकीपाशी. भूगोलाचा पेपर हातात पडला आणि आमच्या वैनीबाईंनी सुरू केलं की गुणगुणायला! देखरेखीचे मास्तर धावत आले. "बाई, पुन्हा आवाज आला तर बाहेर काढीन."

वैनीचं तोंड मिटलं आणि हातही थांबला. धवल्याचं असंच आहे. तो मधूनच उचलता येत नाही. अडला की पहिल्यापासून म्हणायचा, आणि तोही गळा सोडून. मनातल्या मनात म्हणायची सवय आमच्यात कुणाला? हंगामभर घसा फोडून शिकलो, आणि परीक्षा मुक्यानं द्यायची असते हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. वैनीच्या डोळ्यांतून टपटप पाणी. कागद कोरा.

माझं डोकं फिरलं. सरळ दारात जाऊन उभी राहिले. "मास्तर, ती नक्कल न्हाय करत. तिला गायल्याबिगर आठवत न्हाय."

"अहो, परीक्षेत कुणी गातं का?"

"बरं, मग तुमी सांगा, सतरा सक किती?"

मास्तरांचे ओठ हलायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...

"अवो, पहिल्यापासनं काय? मधलंच सांगा ना!"

मागच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, संपलं, आता दोघींनाही हाकलणार. पण तो भला माणूस स्वतःच हसला. मुलांना त्रास नको म्हणून त्यानं वैनीला मागच्या पडवीत बसवलं, आपण शेजारी खुर्ची टाकली आणि म्हणाला, "म्हणा बाई. पण हळू."

ती हळू कुठली म्हणते! पण तिचा हात जो चालायला लागला, तो घंटा होईपर्यंत थांबला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मे महिन्यात तुळशीराम मास्तर बांधावरून छत्री हलवत, धोतर सावरत पळत आले. "पास! कोकिळा पास झाली!" मी होते तिथंच मिठाच्या ढिगाशी बसले आणि भोकाड पसरलं. सुटलो गो बाय एकदाचे! वैनी आपली माझीच पाठ थोपटतेय.

संध्याकाळी राहीआय आली. उंबऱ्यातच उभी राहिली. किती महिन्यांनी लेकीशी बोलली, तेही दरडावून. "परीक्षेत धवला म्हणलीस म्हनं, पुरा म्हणलीस का गो? मधीच तोडला न्हायस ना?"

"न्हाय आये. शेवटपर्यंत म्हणले."

"धवला पुरा झाला तर अक्षता पडाय नकोत?" असं म्हणून तिनं ओटीतून मूठभर तांदूळ काढले आणि वैनीच्या डोक्यावर टाकले. वैनी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. म्हातारीनं डोळे पुसले, आणि मुठीत राहिलेले चार दाणे माझ्यावर भिरकावले. "आन् तुला पन नद्या येतात म्हनं. तू कधी बसतेस बाहेरून?"

मी केसांतले तांदूळ वेचत तुळशीपाशी जाऊन बसले आणि नद्या पहिल्यापासून म्हणून बघितल्या. सगळ्या आल्या.