शुद्ध केलेली मोठी आई

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. चिमूरकडच्या आमच्या गावात तिने उभा जन्म तलावात जाळं टाकण्यात घालवला. डोळे गेल्यापासून ती ओसरीत बसून जुन्या गोष्टी सांगायची आणि मी, निवृत्त झालेली मास्तरीण, त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायची. त्या उतरवून काढून त्यांचं पुस्तक करायचं मी मनावर घेतलं. तिचे कानही मंदावत चालले होते. ते जायच्या आत तिला तिचं पुस्तक ऐकवायचं, एवढी एकच घाई होती.

हल्ली प्रकाशकाच्या दारात जोडे झिजवावे लागत नाहीत. घरबसल्या फाइल चढवायची, फॉर्म भरायचा, मागाल तेवढ्याच प्रती छापून येतात. प्रकाशकही आपणच. फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न होता: हा मजकूर यंत्राकडून लिहून घेतला आहे का? मला रागच आला. ठसक्यात ‘नाही’वर खूण केली. त्याच्याच खाली ‘आपोआप शुद्धलेखन’ अशी सोय होती, तिथेही केली. फाइल घटकाभरात परत आली. मी ती वरवर चाळली आणि ‘मान्य’ दाबलं. उभी नोकरी मी पोरांच्या वह्यांतलं ‘मले’ लाल शाईने खोडून ‘मला’ करण्यात घालवली होती. मला खटकणार तरी काय?

पुस्तक आलं. कायद्याप्रमाणे प्रकाशकाला काही प्रती सरकारी ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. त्या मी आधी टपालात टाकल्या, मिरवतच म्हणा ना. मग मोठ्या आईजवळ बसून वाचायला लागले, ‘‘मला पाण्याचे भय कधी वाटलेच नाही...’’

दोन पानं तिने ऐकली.

‘‘कोन बाई होय थे?’’ तिने विचारलं. ‘‘चांगली शिकलेली दिसते.’’

‘‘तूच होय, मोठी आई.’’

‘‘मी नाई. मी कधी बोलली अशी? माह्या जागेवर दुसरीले काऊन बसवलं वो?’’

ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. खरंच कोणी परकी बाई घरात येऊन बसावी, तशी ती जरा सरकून बसली. मला तोंड लपवावंसं वाटलं. फॉर्मवरचा तो ठसक्यातला ‘नाही’ आठवला. लिहून नव्हतं घेतलं, पण तिचं तोंड मी यंत्राच्या हाती दिलं होतं. यंत्राला तरी काय बोल लावू? ते माझंच काम माझ्यापेक्षा भरभर करत होतं.

मोबाइलवरचं सगळं पुन्हा ऐकलं. एकेक शब्द हाताने लिहिला, तिचा श्वास अडतो तिथे वाक्य तोडलं. त्यात पावसाळा गेला, हिवाळाही गेला. मजकूर इतका बदलला की नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन क्रमांक घ्यावा लागला. त्याही प्रती ग्रंथालयांना पाठवल्या. पहिल्या मात्र तिथेच आहेत. पुढे कधी कोणी तेवढीच उघडली, तर त्याला ती परकी बाईच भेटेल. याचं मला आजही वाईट वाटतं.

नवं पुस्तक हातात आलं तोवर मोठ्या आईचे कान पुरते गेले होते. तरी मी तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचायला लागले, ‘‘मले पान्याचा भेव कधी लागलाच नाई...’’

‘‘काय म्हन्तं?’’ ती विचारायची. मी आवाज चढवायची. ती पुन्हा विचारायची. शेवटी घसा फाटेस्तोवर ओरडून वाचत होते.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, ‘‘काकी वो, सकाळपासून कोनासंग भांडून राह्यली तू?’’

मी वाचायची थांबले. काकी म्हणजे मोठी आई; माझ्या वाचण्यात शेजारणीला तिचाच आवाज ऐकू आला होता. ते सांगायला मी मोठ्या आईच्या कानाशी वाकले, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

‘‘काय म्हन्तं?’’ मोठी आई म्हणाली.