वाटूरच्या बांधकामावर टांगलेला माझा टिकी

गेल्या मंगळवारी वाटूरला एसटीतून उतरले आणि समोरचं दृश्य पाहून मला रस्त्यातच उभं राहावं लागलं. एका अर्धवट घराच्या बांबूला माझा देव उलट्या चपलेसकट टांगलेला होता... आणि त्याला मिशा काढलेल्या होत्या.

नव्या मित्रमंडळींसाठी सांगते. निवृत्तीनंतर बायका भिशी लावतात, मी टिकी जमवते. भाऊ अमेरिकेतून एक मग घेऊन आला होता, दात विचकलेल्या चेहऱ्याचा. पहिल्यांदा हसले, मग वाटलं, हा चेहरा काढला कोणी आणि कुठे पाहून काढला?

शोधत गेले तेव्हा कळलं. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक लाकडात आपले देव कोरायचे, तेच हे टिकी. अमेरिकन बारवाल्यांनी तेच चेहरे उचलले, बांबूच्या भिंती उभारल्या आणि देवाच्या डोक्यात रम ओतून वर कागदाची छत्री खोचली. म्हणे सजावट... आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी असल्या माणसांना बाकावर उभं केलं असतं.

तुम्ही म्हणाल, जालन्यात हे सापडतं कुठे? अहो, आपल्या स्टीलच्या कारखान्यांना परदेशातून कंटेनर भरभरून भंगार येतं. त्यातलं निवडून काढलेलं सटरफटर जुन्या जालन्यात सलीमभाईंच्या दुकानी येतं, आणि कुठलंही वाकडं तोंड दिसलं की ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. बॉटल ओपनर, अॅशट्रे, एकदा तर दिव्याचा खांब.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे कुठल्याशा बारच्या भिंतीवरचा दोन फुटी अॅल्युमिनियमचा मुखवटा आला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं उघडं तोंड... हवाई बेटांवरच्या कू नावाच्या युद्धदेवाची ती खूण. माझ्या सगळ्या मगांचा मूळपुरुष म्हणा ना. नेणार म्हणून सांगून आले आणि व्हायरलने झोपले. बरी होऊन गेले तर सलीमभाई गल्ल्यामागे डोकं खाजवत बसलेले.

"मॅडम, तुमचं ते तोंड तर गेलं. वाटूरची कांताबाई आल्ती, अंगणवाडीवाली. घर बांधून राह्यली बिचारी, नजरेसाठी राक्षस पाहिजे म्हणाली. मला वाटलं, तुमच्याकडं तर लई हायेत."

राक्षस... मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तशीच स्टँडवर गेले आणि वाटूरची एसटी धरली.

तर आता त्या घरासमोर मी. मुखवट्याला काळा ऑइलपेंट, तोंडातून लाल जीभ, वर झुपकेदार मिशा, खाली लिंबू-मिरची आणि तुटकी चप्पल. बारवाल्यांनी केली नव्हती इतकी विटंबना एका ब्रशने झाली होती.

कांताबाई डोक्याला टॉवेल बांधून विटांवर पाणी मारत होती. दोन वर्षं हे बांधकाम रखडलेलं, तिनेच सांगितलं. मागच्या खेपेला सेंट्रिंग कोसळून तिच्या दिराचा पाय मोडला. आता गुरुवारी स्लॅब होता आणि तिची सगळी भिस्त त्या तोंडावर होती.

"स्लॅब पडू द्या मॅडम, मंग खुशाल न्या. त्याला काय मी लोणचं घालू?"

सरळ प्रस्ताव होता. शहाण्या बाईने हो म्हणून परतीची एसटी धरली असती... पण माझं शिक्षण आड आलं. राक्षस हा शब्द काही मला गिळवेना. मी तिला तिथेच, वाळूच्या ढिगाशेजारी, बेटांपासून बारपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. हा राक्षस नाही, देव आहे, लढाईचा देव, लोक याच्यापुढे नैवेद्य ठेवायचे.

पाण्याचा पाइप तिच्या हातातून गळून पडला.

"देव हाय?"

"हो."

"आन् मी त्याच्या गळ्यात चप्पल बांधली." तिने दोन्ही गालांवर मारून घेतलं. "आधी न्हाई का सांगायचं हो?"

पुढचं मी नुसती बघत राहिले. मिस्त्रीला हाक मारून तिने मुखवटा खाली उतरवला. चप्पल दूर फेकली, रॉकेलच्या फडक्याने काळा रंग काढला, मिशा पुसल्या, जीभ पुसली, पाण्याने धुतला. पदराने कोरडा केला. आतल्या खोलीत पूर्वेच्या कोपऱ्यात पाट मांडून त्यावर ठेवला आणि हात जोडून पुटपुटली, "माफ कर बाबा, वळखलं न्हाई." बांबूवर त्याच्या जागी काळी बाहुली गेली.

मी मनात खूश. मुखवटा स्वच्छ झाला, माझी पिशवी तयार. म्हटलं, द्या आता, जालन्याहून याच्या दुप्पट भयानक राक्षस पाठवते तुम्हाला.

कांताबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो.

"राक्षस असता तर दिला असता, मॅडम. घरात आलेला देव कोन देतं?"

अहो पण तो तुमचा नाही, हवाईचा आहे, असंही म्हणून पाहिलं... "कुनाचा का असंना. आला ना चालत माझ्या दारी?" यावर कॉन्व्हेंटमध्ये काही शिकवलेलं नाही. वर तिने चहा पाजला, आणि मी रिकामी पिशवी घेऊन निघाले.

एसटीत बसल्यावरही धक्का ओसरला नव्हता. चूक कुठे झाली ते कळत होतं, आणि तीच चीड होती. तिला जे सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

काल तिचा फोटो आला. स्लॅब नीट पडला, कोणाला साधं खरचटलंही नाही. कोपऱ्यातला कू हळदीकुंकू लावून, पुढे गुळाचा खडा घेऊन बसलाय. कानाच्या खोबणीत थोडा काळा रंग तेवढा राहिलाय.

मुखवटा गेल्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण बारवाल्यांनी तो भिंतीवर ठोकला, कोणीतरी भंगारात घातला, आणि मी जिन्याखाली, शू-रॅकच्या वर, त्याची जागा मोजून ठेवली होती. इतक्या लांबच्या प्रवासात त्याची माफी मागितली ती एकट्या कांताबाईने... तिचे आभार.